हस्तकांच्या बळावरची सत्ता किती टिकते?

प्रतिनिधी, विष्णुपुरी (नांदेड)

इराणने पश्चिम आशियात उभ्या केलेल्या सशस्त्र संघटनांच्या जाळ्याची २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत कठोर परीक्षा झाली. तशीच एक परीक्षा १९४८ मध्ये निजामाच्या संस्थानात झाली होती. रझाकारांची फळी पाच दिवसांत का कोसळली, या प्रश्नाचे उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे.

लेबनॉनमध्ये १७ सप्टेंबर २०२४ रोजी हिजबुल्ला संघटनेच्या लोकांजवळचे हजारो पेजर एकाच वेळी फुटले. दहा दिवसांनी, २७ सप्टेंबरला, संघटनेचा सर्वोच्च नेता हसन नसरल्ला बैरुतवरील इस्रायली हवाई हल्ल्यात मारला गेला. ८ डिसेंबरला सीरियातील बशर अल असद यांची राजवट कोसळली आणि पुढच्या जून महिन्यात खुद्द इराणच्या भूमीवर बॉम्ब पडले. चार दशके खपून, अमाप पैसा ओतून विणलेले जाळे अवघ्या नऊ महिन्यांत जागोजागी उसवले.

पेजर फुटले त्याच दिवशी सकाळी मराठवाड्यात नेहमीप्रमाणे मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन झाले होते. तारखांचा हा निव्वळ योगायोग. मात्र दोन्ही घटनांच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे. एखादी सत्ता आपले सैन्य मागे ठेवते, दुसऱ्यांच्या हाती शस्त्रे देते आणि त्यांच्याकरवी युद्ध खेळते. प्रत्यक्ष लष्करी दडपण आले की ही उसनी फळी किती काळ उभी राहते? आणि ती कोसळल्यावर तिची किंमत कोण मोजतो?

गोदावरीकाठच्या विष्णुपुरीत या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष औचित्य आहे. येथील विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या या संन्याशाची गाठ रझाकारांसारख्या हस्तकांच्या सेनेशीच पडली होती. पश्चिम आशियातील घडामोडी आपल्याला दूरच्या वाटतात. परंतु हस्तकांचे युद्ध म्हणजे काय, हे या प्रदेशाने दोन पिढ्यांपूर्वी आपल्या गावकुसाच्या आत पाहिले आहे.

नाकबूल करण्याची सोय

छुप्या युद्धाचे आकर्षण सत्ताधाऱ्यांना का वाटते, हे आधी पाहिले पाहिजे. नियमित सैन्य उभे करणे खर्चाचे असते आणि ते सीमेपलीकडे पाठविले की उघड युद्ध ओढवते. हस्तकांच्या बाबतीत दोन्ही अडचणी टळतात. शिवाय त्यांनी केलेल्या कृत्यांची जबाबदारी केव्हाही झटकता येते. ‘ते आमचे नाहीत, ते उत्स्फूर्त आहेत’ एवढे म्हटले की काम भागते.

पाकिस्तानने २२ ऑक्टोबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये टोळीवाले घुसविले तेव्हा हीच युक्ती वापरली. पुढे अनेक दशके दहशतवादी संघटनांच्या आडून तीच युक्ती चालू राहिली. इराणने ती अधिक पद्धतशीरपणे राबविली. १९८० ते १९८८ या काळात इराकशी झालेल्या युद्धाने तो देश होरपळून निघाला होता. पुन्हा आपल्या भूमीवर युद्ध होऊ द्यायचे नाही, शत्रूला आपल्या सीमेपासून शेकडो मैल दूर गुंतवून ठेवायचे, असा धडा तेहरानने त्यातून घेतला. लेबनॉनवर १९८२ मध्ये इस्रायलने केलेल्या आक्रमणानंतर तेथे हिजबुल्लाची जडणघडण झाली. पुढे इराकमधील शिया सशस्त्र गट आणि येमेनमधील हुती या साखळीत आले. क्रांतिरक्षक दलाची ‘कुद्स फोर्स’ ही शाखा या साऱ्यांची सूत्रे हलवीत असे. या यंत्रणेचा प्रमुख कासिम सुलेमानी ३ जानेवारी २०२० रोजी बगदादमध्ये अमेरिकी हल्ल्यात ठार झाला, तरीही साखळी तुटली नाही.

हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान याची स्थिती वेगळी होती, हे मान्य केले पाहिजे. इराणने हस्तक सीमेबाहेर उभे केले, तर निजामाचे रझाकार संस्थानाच्या आत, आपल्याच प्रजेवर सोडलेले होते. परंतु हेतूत साम्य होते. दिल्लीशी वाटाघाटी करताना एका हाताने सलोख्याची भाषा बोलायची आणि दुसऱ्या हाताने अशी दहशत माजवायची की विलीनीकरणाची मागणी करणाराच उरू नये. विचारणा झालीच तर ‘ही खासगी स्वयंसेवक संघटना आहे’ हे उत्तर तयार असे.

लातूरचा वकील आणि निजामाचा दरबार

हैदराबाद हे देशातील सर्वांत श्रीमंत संस्थान होते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा प्रदेश, १ कोटी ६० लाखांच्या आसपास लोकसंख्या, स्वतःचे चलन, रेल्वे, टपाल खाते आणि फौज असा त्याचा थाट होता. प्रजेत हिंदूंचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे या राज्यात होते. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेतच मोडत असे.

याच लातुरात वकिली करणारा कासिम रझवी १९४६ मध्ये मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला. ही संघटना १९२७ पासूनची. तिच्या स्वयंसेवकांना, म्हणजे रझाकारांना, रझवीने सशस्त्र दलाचे रूप दिले. या दलाची संख्या दोन लाखांपर्यंत असल्याचे सांगितले जाई. त्यांतील मोठ्या हिस्स्याकडे आधुनिक बंदुका नव्हत्या. भाले, तलवारी आणि ठासणीच्या बंदुका हीच अनेकांची हत्यारे होती. नि:शस्त्र खेड्याला धाक घालण्यास मात्र तेवढे पुरत होते.

हस्तक सोडणाऱ्याच्या हातून दोर कसा निसटतो, याचे उदाहरण म्हणून २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटेचा प्रसंग इतिहासात नोंदवला गेला आहे. भारताशी ‘जैसे थे’ करार करण्यासाठी निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीस निघणार होते. त्यात पंतप्रधान छतारीचे नवाब, निजामाचे घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांचा समावेश होता. इत्तेहादच्या जमावाने त्यांच्या निवासस्थानांना वेढा घातला आणि जाणे हाणून पाडले. निजामाने जमावाला शासन केले नाही, उलट शिष्टमंडळच बदलले. छतारीच्या नवाबांनी राजीनामा दिला आणि पुढे इत्तेहादच्या पसंतीचे मीर लायक अली पंतप्रधान झाले. करारावर २९ नोव्हेंबरला सह्या झाल्या, परंतु तोवर राज्याचा खरा धनी कोण, हे स्पष्ट झाले होते. ज्यांना दबावाचे साधन म्हणून वापरायचे, तेच दरबारावर दबाव आणू लागले होते.

करार झाल्यावरही युद्धाची तयारी थांबली नाही. संस्थानाने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानांतून शस्त्रे आणून उतरविण्याचा धंदा आरंभला. रझवी तर लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकविण्याच्या गर्जना करीत होता. हस्तकांच्या नेत्याची भाषा मालकाच्या ताकदीच्या कितीतरी पुढे गेली होती.

खेड्यांवर पडलेले ओझे

या काळात मराठवाड्याच्या खेड्यांनी जे भोगले, त्याच्या आठवणी अद्याप पुसलेल्या नाहीत. बिलोली तालुक्यातील अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच हुतात्मा झाले होते. १९४८ च्या मे महिन्यात बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात हत्याकांड झाले. त्याच महिन्यात गंगापूर स्थानकावर मद्रास-मुंबई मेलवर हल्ला झाला. सीमेलगतची कुटुंबे वऱ्हाडात, सोलापुरात, बार्शीकडे, नगरकडे आश्रयाला गेली. पेरणीच्या दिवसांत गाव सोडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

दहशत फक्त हिंदूंपुरती होती, असेही नाही. विलीनीकरणाचा उघड पुरस्कार करणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. रझाकार संघटना बरखास्त करा, भारतात सामील व्हा, असे सांगणारे मुस्लिम मान्यवर त्याही काळात होते. त्यांचा आवाज दाबणे ही हस्तकांच्या राजकारणाची पहिली गरज असते. ज्या समाजाच्या नावाने शस्त्र उचलले जाते, त्या समाजातील वेगळे मत आधी संपवावे लागते.

याला उत्तर म्हणून सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समिती आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे कार्यकर्ते लढा चालवीत होते. पैनगंगेपलीकडे उमरखेड, तसेच बार्शी, सोलापूर, मनमाड अशा ठिकाणांहून तरुण संस्थानात शिरत. करोडगिरी नाके जाळणे, सरकारी उत्पन्नावर घाव घालण्यासाठी शिंदीची झाडे तोडणे, रझाकारांच्या ठाण्यांवर हल्ले करणे, असे कार्यक्रम चालत. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, लुटण्यात आली आणि त्यातील लाखो रुपये लढ्याच्या कामी आले.

येथे एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. हे कॅम्प भारतीय हद्दीत होते, शस्त्रे तिकडून येत होती आणि सीमेलगतच्या प्रांतांतील सरकारे काणाडोळा करीत होती. मग हेही छुपे युद्ध नव्हे काय? तंत्राच्या दृष्टीने पाहता दोहोंत साम्य दिसते. फरक आहे तो पायाचा. कॅम्पवरचे तरुण ज्या गावांत रात्री शिरत, ती त्यांची स्वतःची गावे होती. भाकरी देणारी, निरोप पोहोचविणारी, लपविणारी माणसे त्यांना घरोघरी मिळत. रझाकारांना खेड्यात भीतीने मिळणाऱ्या मुजऱ्याखेरीज फारसे काही मिळत नव्हते. युद्धात तंत्रापेक्षा हा पाया अधिक महत्त्वाचा ठरतो, हे सप्टेंबरात सिद्ध झाले.

पाच दिवसांचा हिशेब

भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे संस्थानात शिरल्या. ‘ऑपरेशन पोलो’ हे मोहिमेचे सांकेतिक नाव, लोकांच्या तोंडी मात्र ‘पोलिस ॲक्शन’ हेच नाव रुळले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. दुसरी तुकडी मेजर जनरल ए. ए. रुद्र यांच्या नेतृत्वाखाली बेझवाड्याकडून पुढे सरकली. औरंगाबाद १५ तारखेला ताब्यात आले. १७ सप्टेंबरला सायंकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती मेजर जनरल अल इद्रूस यांनी शरणागती पत्करली.

दोन लाखांची म्हणविली जाणारी सेना पाच दिवसही का टिकली नाही? याची कारणे चार सांगता येतील.

पहिले कारण भूगोलाचे. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता आणि चारही बाजूंनी भारतीय प्रदेश होता. मागे हटायला जागा नव्हती, पळून जाऊन पुन्हा जमण्यासाठी परका आसरा नव्हता. काश्मीरमधील टोळीवाल्यांना सीमेपलीकडे पाकिस्तान होते. रझाकारांना असे ‘पलीकडे’ काही नव्हते.

दुसरे कारण रसदेचे. विमानातून रात्री उतरविलेल्या शस्त्रांवर चिलखती दलाशी लढता येत नाही. बाहेरून मदतीची आशाही फोल ठरली. मोहिमेच्या दोन दिवस आधी, ११ सप्टेंबरला जीनांचे निधन झाले होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हैदराबादची तक्रार पोहोचली, परंतु ती विचारार्थ आली तेव्हा युद्ध संपत आले होते.

तिसरे कारण सवयीचे. निशस्त्र गावावर चालून जाणाऱ्या टोळीला युद्धाचा सराव होत नाही. धाक हेच ज्यांचे शस्त्र, त्यांना न घाबरणारा प्रतिस्पर्धी समोर आला की त्यांच्या हाती काही उरत नाही.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. लोकांना ही फळी नकोच होती. गणवेश टाकून गर्दीत मिसळणे हा अनियमित सैनिकाचा अखेरचा आसरा असतो. रझाकाराला तो मिळणे शक्य नव्हते, कारण गावातील प्रत्येकाला त्याचा चेहरा ठाऊक होता.

तेच सैन्य, तेच संस्थान, पण तीन वर्षे

हे चौथे कारण किती निर्णायक होते, हे पडताळून पाहण्याची सोय इतिहासाने त्याच राज्यात करून ठेवली आहे. तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली १९४६ पासून शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. जमीनदार देशमुखांची वेठ आणि जमिनीची मालकी हा त्याचा विषय. निजामाची राजवट गेल्यावर भारतीय सैन्य या लढ्याच्या बंदोबस्तासाठी वळले. ज्या सैन्याने रझाकारांना पाच दिवसांत गुडघे टेकायला लावले, त्याच सैन्याला आणि पोलिसांना तेलंगणातील दलांशी तीन वर्षे झुंजावे लागले. लढा मागे घेण्याचा निर्णय कम्युनिस्ट पक्षाने ऑक्टोबर १९५१ मध्ये घेतला.

तेलंगणातील दलांजवळ रझाकारांहून भारी शस्त्रे नव्हती. सरकारी खजिना तर त्यांच्या पाठीशी मुळीच नव्हता. होती ती जमिनीशी बांधलेली माणसे आणि त्या माणसांच्या प्रश्नाशी जोडलेले कारण. लष्करी दडपणाखाली कोण किती टिकतो, हे मोजताना बंदुका मोजण्याआधी हे मोजावे लागते. या लढ्यातील हिंसेचे समर्थन करण्याची येथे गरज नाही. टिकाव कशातून येतो, एवढाच मुद्दा आहे.

तेहरानचा अनुभव

हे मोजमाप पश्चिम आशियाला लावून पाहिले म्हणजे २०२४-२५ च्या घटनांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. हिजबुल्ला हे रझाकारांसारखे वरवरचे रोप नव्हते. दक्षिण लेबनॉनमधील शिया वस्तीत तिच्या शाळा होत्या, रुग्णालये होती, १९९२ पासून संसदेत तिचे प्रतिनिधी होते. म्हणून नेतृत्वाची फळी कापली गेल्यावरही संघटना नाहीशी झाली नाही. २७ नोव्हेंबर २०२४ च्या युद्धबंदीपर्यंत ती लढत राहिली. तिला खरा फटका बसला तो रसदेच्या वाटेचा. इराणमधून इराक, सीरियामार्गे लेबनॉनला जाणारा रस्ता असद राजवटीच्या जोरावर उघडा होता. ती राजवट गेली आणि रस्ता बंद झाला.

असद राजवटीचे कोसळणे हैदराबादशी अधिक जुळणारे आहे. रशियाची विमाने आणि इराणचे हस्तक यांच्या टेकूवर तेरा वर्षे उभी राहिलेली ही सत्ता बंडखोरांच्या चढाईपुढे पंधरवड्यात गेली. टेकू देणारे दुसरीकडे गुंतले होते आणि घरातले कोणी तिच्यासाठी लढायला तयार नव्हते.

येमेनमधील हुतींची गोष्ट उलट टोकाची आहे. २०१४ पासून साना शहर त्यांच्या ताब्यात आहे. अमेरिकेने १५ मार्च २०२५ पासून त्यांच्यावर सलग बॉम्बफेक केली आणि ६ मे रोजी ओमानच्या मध्यस्थीने ती थांबली, तेव्हाही ते आपल्या जागी होते. डोंगराळ मुलूख, स्थानिक टोळ्यांतील मुळे आणि गमावण्यासारखे फारसे काही नसणे, ही त्यांची ताकद. इराणची मदत त्यांना मिळाली हे खरे, परंतु ते केवळ त्या मदतीवर जगले नाहीत.

खरी कसोटी १३ जून २०२५ रोजी लागली. इस्रायलने इराणवर थेट हल्ला चढविला. २२ जून रोजी अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. २४ जूनला युद्धबंदी झाली. या बारा दिवसांत हिजबुल्लाने आघाडी उघडली नाही. इराकमधील गट बव्हंशी गप्प राहिले. ज्यांना शत्रूला दूर ठेवण्यासाठी पोसले, ते शत्रू दारात आला तेव्हा धावून येऊ शकले नाहीत. हस्तकांची ढाल एकदा फुटली की युद्ध सरळ घरात येते, हा निजामाचा अनुभव इराणलाही आला.

तरीही एक मोठा फरक नोंदवला पाहिजे. हैदराबादची सत्ता पाच दिवसांत संपली, इराणचे राज्य त्या बारा दिवसांत कोसळले नाही. निजामाच्या सिंहासनाखाली प्रजेचा पाया नव्हता. इराण हा विस्तीर्ण प्रदेशाचा, मोठ्या लोकसंख्येचा आणि जुन्या राष्ट्रभावनेचा देश आहे. राजवटीवर नाराज असलेले लोकही परक्या बॉम्बचे स्वागत करतीलच असे नसते. हस्तकांचे जाळे हे राष्ट्राच्या ताकदीची जागा घेऊ शकत नाही, आणि ते फाटले म्हणून राष्ट्र फाटलेच असेही मानता येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर बॉम्बफेक करणाऱ्यांचे अंदाज चुकतात आणि हस्तक पोसणाऱ्यांचेही.

मालक सुटतो, मोहल्ला भरतो

युद्ध संपल्यानंतर निजामाने काय केले? आकाशवाणीवरील भाषणात त्याने सारा दोष रझवी आणि त्याच्या टोळक्यावर ढकलला आणि आपण असहाय होतो, असे सांगितले. ज्या संघटनेला वर्षभर मोकळे रान दिले, ती एका भाषणात परकी ठरली. पुढे निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख राहिला. लायक अली नजरकैदेतून १९५० मध्ये निसटून पाकिस्तानात गेले. रझवीने शिक्षा भोगली, १९५७ मध्ये सुटला आणि तोही पाकिस्तानात गेला. थोडक्यात, वरच्यांची कशीबशी सोय लागली.

सोय लागली नाही ती त्यांची, ज्यांचा या साऱ्यात काही वाटा नव्हता. पोलिस कारवाईनंतर संस्थानात सूडाची लाट उसळली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या पथकाने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दौरा करून केंद्र सरकारला अहवाल दिला. कारवाईच्या काळात व नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या किमान २७ ते ४० हजार असावी, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्या जोडीला नांदेडचे नाव आहे. रझवीचे गाव म्हणून लातूरला विशेष झळ बसली. काही ठिकाणी गणवेशधारी लोकांचाही लुटीत व हत्येत हात असल्याचे अहवाल सांगतो. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचविल्याची उदाहरणेही त्यात आहेत. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

मारले गेलेले बहुसंख्य लोक रझाकार नव्हते. ते विणकर होते, शेतमजूर होते, दुकानदार होते. रझवीने त्यांच्या नावाने गर्जना केल्या होत्या आणि त्या गर्जनांचे देणे त्यांच्याकडून वसूल करण्यात आले. रझाकारांनी ज्यांची घरे जाळली आणि रझाकारांच्या नावाखाली ज्यांची घरे जाळली गेली, ते दोघेही एकाच गावचे, एकाच विहिरीवरचे लोक होते. हस्तकांच्या युद्धाचा हा सर्वांत कडवट भाग आहे. गणवेश आणि सीमारेषा पुसट झाल्या की शत्रू ओळखण्याची खूण म्हणून फक्त धर्म किंवा जात उरते. लेबनॉनमधील शिया वस्त्या, सीरियातील अलवी समाज यांच्या वाट्याला जे आले, ते याहून वेगळे नाही. असद गेल्यावर मार्च २०२५ मध्ये सीरियाच्या किनारपट्टीवर अलवींची झालेली हत्याकांडे याची साक्ष देतात.

म्हणूनच १७ सप्टेंबरच्या स्मरणात दोन्ही गोष्टींना जागा असणे अगत्याचे आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी हा लढा एका समाजाविरुद्ध नसून हुकूमशाहीविरुद्ध असल्याची भूमिका घेतली होती. ही भूमिका केवळ उदारतेपोटी नव्हती, तर त्यामागे राजकीय शहाणपण होते. हस्तक आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा समाज यांत फरक केला नाही, तर हस्तकांच्या मालकाला जे हवे तेच आपण करून देतो.

भारताला आपल्या सीमेवर छुप्या युद्धाला तोंड द्यावे लागले आहे. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी पर्यटकांना धर्म विचारून मारण्यात आले आणि ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले. मारेकऱ्यांनी धर्म विचारला, यामागे देशातील शेजाऱ्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहावे, हाच डाव होता. अशा डावाला लष्करी उत्तर आवश्यक असते आणि ते दिलेही जाते. पण अर्धे उत्तर गावागावांतच द्यावे लागते. कोणताही हस्तक पाय रोवतो तो लोकांच्या दुराव्यात. सैन्य पाच दिवसांत राज्य जिंकून देऊ शकते, परंतु त्यानंतरच्या पंधरवड्यात शेजाऱ्याचे दार सुरक्षित राहील की नाही, हे शेजाऱ्यालाच ठरवावे लागते. १९४८ मध्ये नांदेड-लातूर परिसरात काहींनी ते दार राखले, काहींनी तोडले. त्या दोन्हींची नोंद ठेवणे हेच या इतिहासाचे खरे स्मरण होय.